पुणे–दिल्ली हवाई अंतर ११५० किलोमीटर, मग प्रवासाला सव्वादोन तास का लागतात?

विमाननगरवासी

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात माझी आई पुण्याहून दिल्लीला एकटीच विमानाने जाणार आहे. तिचे वय सत्तरीच्या पुढे असल्याने धाकट्या भावाने दिल्लीच्या विमानतळावर नेमके केव्हा हजर राहावे, हे आम्ही ठरवत होतो, आणि त्यातून एक प्रश्न उभा राहिला, तो इथल्या जाणकारांपुढे मांडतो.

दोन शहरांमधले हवाई अंतर सांगणारी अनेक संकेतस्थळे आहेत. पुणे–दिल्ली अंतर कोणी ११५२ किलोमीटर दाखवते, तर कोणी ११७० च्या आसपास. प्रवासी जेट विमान ताशी साधारण ८३० किलोमीटर वेगाने जाते, असे सगळीकडे वाचायला मिळते. साधा भागाकार केला तर प्रवास ८३ ते ८५ मिनिटांत संपायला हवा. आईच्या तिकिटावर मात्र २ तास १५ मिनिटे छापलेली आहेत. ही पन्नास मिनिटे कुठे जातात? दोन संकेतस्थळांच्या आकड्यांत फरक का पडतो? आणि जाण्याच्या व येण्याच्या वेळेत पाच-दहा मिनिटांचा फरक वेळापत्रकातच का दिलेला असतो? कृपया सविस्तर सांगावे, कारण घरात यावर बरीच चर्चा झाली आहे आणि उत्तर मात्र कोणालाच नीट देता आलेले नाही.

अक्षांश_रेखांश

अंतराच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. वेळेबद्दल त्या क्षेत्रातले लोक अधिक अधिकाराने बोलतील.

पुण्याचा लोहगाव विमानतळ साधारण १८ अंश ३५ मिनिटे (एका अंशाची ६० मिनिटे) उत्तर अक्षांशावर आणि ७३ अंश ५५ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. दिल्लीचा इंदिरा गांधी विमानतळ २८ अंश ३४ मिनिटे उत्तर आणि ७७ अंश ६ मिनिटे पूर्व इथे आहे. म्हणजे अक्षांशातला फरक ९ अंश ५९ मिनिटे, अर्थात ५९९ मिनिटे. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर, आणि वैमानिक आजही अंतर याच मैलांत मोजतात, कारण त्यामुळे नकाशावरून अंतर थेट वाचता येते. तेव्हा दिल्ली पुण्याच्या ५९९ सागरी मैल उत्तरेला आहे, हे कोणतेही सूत्र न वापरता कळते. रेखांशातला फरक १९१ मिनिटांचा आहे, पण रेखावृत्ते ध्रुवाकडे जवळ येत जात असल्याने त्याला मधल्या अक्षांशाच्या, म्हणजे सुमारे साडेतेवीस अंशांच्या कोज्येने (कोसाइनने) गुणावे लागते. ते गुणले की साधारण १७५ सागरी मैल येतात. या दोन बाजूंवरून पायथागोरसच्या प्रमेयाने कर्ण काढला तर ६२४ सागरी मैल, म्हणजे ११५६ किलोमीटर मिळतात. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, विषुववृत्तीय त्रिज्या ६३७८ आणि ध्रुवीय त्रिज्या ६३५७ किलोमीटर आहे, हे हिशेबात धरले की अंतर ११५२ च्या जवळ येते. जी संकेतस्थळे ११७० दाखवतात, ती विमानतळांमधले अंतर न मोजता शहरांच्या मध्यबिंदूंमधले अंतर मोजतात. पुण्याचा मध्य लोहगावच्या नैर्ऋत्येला आहे आणि दिल्लीचा मध्य विमानतळाच्या ईशान्येला आहे, त्यामुळे दोन्ही टोकांना थोडी भर पडते. आपल्याला पडलेल्या फरकाचे कारण एवढेच आहे.

विमान अकरा किलोमीटर उंचीवरून जाते म्हणून अंतर वाढत असेल, अशी शंका पुष्कळांना असते. ६३७१ किलोमीटर सरासरी त्रिज्येत ११ मिळवले तर वाढ ०.१७ टक्के होते, म्हणजे या प्रवासात जेमतेम दोन किलोमीटर.

पृथ्वीगोलावर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरला की सर्वांत जवळचा मार्ग दिसतो. मी हा प्रयोग वर्गात मुलांकडून नेहमी करून घेतो. पुणे–दिल्लीसाठी हा दोरा आणि सपाट नकाशावरची सरळ रेघ यांत फारसा फरक पडत नाही, कारण मार्ग बराचसा उत्तर-दक्षिण आहे. हाच दोरा पुण्यापासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत ताणला तर तो थेट उत्तर ध्रुवाजवळून जातो, आणि मुलांचा त्यावर सुरुवातीला विश्वासच बसत नाही. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचे सॅन फ्रान्सिस्को–बंगळूरु विमान उत्तर ध्रुवावरूनच आले होते आणि त्यातील सर्व वैमानिक महिला होत्या, हे उदाहरण मी तेव्हा आवर्जून सांगतो.

मनोरा

मी हवाई वाहतूक नियंत्रणात नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. आपला प्रश्न रास्त आहे आणि तो बहुतेक प्रवाशांना कधी ना कधी पडतोच, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

तिकिटावरची वेळ ही हवेत असण्याची वेळ नसते. विमानाच्या चाकांखालचे ठोकळे काढून ते जागेवरून हलते तिथपासून, दुसऱ्या विमानतळावर ते जागेवर उभे राहून पुन्हा ठोकळे लागेपर्यंतचा सगळा काळ तीत धरलेला असतो. आम्ही त्याला ब्लॉक टाइम म्हणतो. पुण्यात पुशबॅक (विमान जागेवरून मागे ढकलणे), इंजिने सुरू करणे, धावपट्टीच्या टोकापर्यंत जाणे आणि आपला क्रमांक येईपर्यंत थांबणे, यांत दहा-बारा मिनिटे सहज जातात. लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ आहे, धावपट्टी एकच आहे, नियंत्रण हवाई दलाकडे आहे आणि सुखोई विमानांच्या सरावाला तिथे अग्रक्रम मिळतो, त्यामुळे थांबावे लागले तर ते स्वाभाविकच आहे. जुलै २०२४ पासून नवे टर्मिनल वापरात आल्यावर प्रवाशांची इमारतीतली दाटी कमी झाली, पण टर्मिनल कितीही मोठे बांधले तरी धावपट्टी तीच राहते, आणि विमानाच्या वेळेचा संबंध धावपट्टीशी आहे.

आता उड्डाण. पुण्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. तिच्या दोन टोकांना १० आणि २८ हे आकडे दिलेले आहेत, म्हणजे एका बाजूने विमान साधारण १०० अंशांच्या दिशेने धावते आणि दुसऱ्या बाजूने २८० अंशांच्या. दिल्लीची दिशा उत्तरेपासून पूर्वेकडे सुमारे १६ अंश आहे. त्यामुळे विमान कोणत्याही बाजूने उडाले तरी त्याला आधी भलत्याच दिशेने जाऊन मग जवळजवळ काटकोनात वळावे लागते, आणि हे अंतर कोणत्याही संकेतस्थळाच्या आकड्यात नसते. शिवाय १०,००० फुटांच्या खाली वेग साधारणपणे २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटर, एवढ्यावरच ठेवावा लागतो. ८३० चा जो आकडा आपण वाचला, तो ३५–३६ हजार फुटांवरचा आहे. तिथे पोचायला वीस-बावीस मिनिटे लागतात आणि तोवर सुमारे २२० किलोमीटर अंतर कापून झालेले असते.

उतरण्याचा हिशेब वैमानिक एका सोप्या नियमाने करतात. प्रत्येक हजार फूट खाली येण्यासाठी तीन सागरी मैल लागतात. ३६ हजार फुटांसाठी १०८ सागरी मैल, म्हणजे २०० किलोमीटर. याचा अर्थ दिल्लीला जाणारे विमान राजस्थानात दौसाच्या आसपास असतानाच उतरायला लागते. इंजिनांचा आवाज एकदम खाली येतो, विमानाचे नाक किंचित झुकते आणि कानांत दडे बसू लागतात, ती हीच वेळ. आईंना आधी सांगून ठेवावे, म्हणजे त्या घाबरणार नाहीत.

दिल्लीच्या चारही धावपट्ट्यासुद्धा ढोबळमानाने पूर्व-पश्चिम आहेत. विमान नेहमी वाऱ्याला सामोरे उतरवतात. तिथे पश्चिमेचा वारा असला की दक्षिणेकडून आलेल्या विमानाला शहराच्या पूर्व बाजूला जाऊन, वळून, पश्चिमेकडे तोंड करून रांगेत लागावे लागते. रांग लांब असेल तर घिरट्या घालाव्या लागतात आणि प्रमाणित घिरटीची एक फेरी चार मिनिटांची असते. तीन फेऱ्या झाल्या की बारा मिनिटे गेली.

एकंदर मांडणी अशी होते. पुण्यात जमिनीवर १२ मिनिटे, चढताना २२, वर सरळ जाताना सुमारे ५५, उतरताना आणि रांगेत २८, दिल्लीत जमिनीवर १२. बेरीज १२९ मिनिटे येते. त्यात थोडी सोय ठेवून कंपनी २ तास १५ मिनिटे छापते. आपण केलेला भागाकार यांपैकी फक्त मधल्या ५५ मिनिटांना लागू पडतो.

खिडकीची_जागा

मनोरा यांच्या प्रतिसादाला जोडून एक प्रत्यक्ष करून पाहण्यासारखी गोष्ट सांगतो. फोन विमान-मोडवर असतानाही त्यातला उपग्रहांवरून स्थान ओळखणारा भाग चालू ठेवता येतो. उड्डाणापूर्वीच नकाशा उतरवून ठेवावा आणि फोन खिडकीच्या काचेजवळ धरावा. एकदोन मिनिटांत स्थान, उंची आणि जमिनीच्या संदर्भातला वेग दिसू लागतो. चढताना ४५०, ५५०, ६८० असे आकडे वाढत जातात आणि वर गेल्यावर ८२०–८५० च्या आसपास स्थिरावतात. उतरताना ते ज्या गतीने घसरतात ते पाहिले की वेळ कुठे जातो, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पुणे–दिल्ली सरळ रेषा मी नकाशावर आखून पाहिली आहे. ती कोपरगावच्या थोडी पश्चिमेकडून गोदावरी ओलांडते, मनमाडजवळून आणि जवळजवळ धुळ्यावरून जाते, शिरपूरच्या बाजूला तापी पार करते, मग नर्मदा, पुढे रतलाम आणि उज्जैन यांच्या मधून निघून कोट्याच्या जवळून अलवरकडे जाते. विमान ठरवून दिलेल्या हवाई मार्गांनी जात असल्याने या रेषेपासून ते काही किलोमीटर इकडे-तिकडे होते, पण आकाश स्वच्छ असेल तर डाव्या खिडकीतून चंबळवरच्या गांधीसागर धरणाचा पसरलेला जलाशय दिसण्याची चांगली शक्यता असते. आईंना शक्य असल्यास डावीकडची खिडकी द्यावी.

विमाननगरवासी

सर्वांचे मनापासून आभार. मनोरा यांच्या मांडणीने मूळ प्रश्न सुटला. जाण्या-येण्याच्या वेळेतल्या फरकाबद्दल मात्र अजून कुतूहल आहे. एका नातेवाइकांनी सांगितले की पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून एका दिशेला कमी वेळ लागतो. हे कितपत खरे आहे?

वाऱ्याची_दिशा

पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरते आणि विमान त्या वातावरणात उडते, त्यामुळे पृथ्वी खालून सरकते आणि ठिकाण जवळ येते, असे काही होत नाही. फरक पडतो तो वाऱ्याने. आपल्या पुण्यात हवामानशास्त्राची मोठी परंपरा आहे, हवामान खात्याचे शिवाजीनगरचे शिमला ऑफिस आणि पाषाणची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था शहरात सर्वांना ठाऊक आहेत, तरीही वरच्या थरांतल्या वाऱ्यांविषयी सर्वसामान्य माणसाला फार थोडी माहिती असते, याचे मला नेहमी वाईट वाटते. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

हिवाळ्यात उत्तर भारतावर सुमारे बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोराचा झोत असतो. त्याचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरपर्यंत सहज जातो. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला तो ढकलतो आणि पश्चिमेकडे येणाऱ्याला अडवतो. पण पुणे–दिल्ली मार्ग मुख्यतः उत्तर-दक्षिण असल्याने हा वारा विमानाला आडवा लागतो. विमान नाक थोडे वाऱ्याकडे वळवून उडते आणि त्यात वेगाचा अगदी लहानसा भाग खर्च होतो. विमानाचा हवेतला वेग ८४० आणि आडवा वारा १५० धरला, तर जमिनीवरचा वेग सुमारे ८२६ उरतो. जाताना जवळजवळ तितकाच, येतानाही जवळजवळ तितकाच. म्हणून आपल्याला वेळापत्रकात दिसलेला पाच-दहा मिनिटांचा फरक वाऱ्यापेक्षा दोन्ही विमानतळांवरच्या गर्दीतून आणि उतरण्याच्या मार्गातून अधिक येतो.

वाऱ्याचा खरा परिणाम पाहायचा असेल तर पुणे–कोलकाता मार्ग घ्यावा. अंतर सुमारे १५८० किलोमीटर आहे आणि दिशा बरीचशी पूर्वेकडे आहे. त्यातले १२०० किलोमीटर वरच्या उंचीवर जातात आणि तिथे पश्चिमेचा ताशी १०० किलोमीटरचा वारा आहे, असे समजू. जाताना जमिनीवरचा वेग ९४० होईल आणि हा टप्पा ७७ मिनिटांत संपेल. येताना वेग ७४० राहील आणि त्याच टप्प्याला ९७ मिनिटे लागतील. वीस मिनिटांचा फरक पडला. वारा नसता तर दोन्ही वेळचे मिळून १७१ मिनिटे लागली असती, इथे मात्र १७४ लागली. जाताना मिळवलेले येताना फिटते, असे वाटते, पण तसे होत नाही, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ राहते. जाऊन-येऊन एकूण वेळ वाढतोच.

पावसाळ्यात चित्र पालटते. खाली, आपल्या घाटमाथ्यावर, नैर्ऋत्येचे वारे असतात, आणि त्याच वेळी दक्षिण भारतावर चौदा-सोळा किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा झोत तयार होतो. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत तो शिकवला जातो. त्याचा प्रभाव विमानांच्या उंचीपर्यंतही जाणवतो, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये द्वीपकल्पावरून पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला हिवाळ्यासारखी मदत मिळत नाही. याच कारणाने कंपन्या उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रकांत एकाच मार्गाची वेळ वेगवेगळी ठेवतात.

हे वारे मोजण्यासाठी जगभरातली केंद्रे ठरावीक वेळी फुगे सोडतात. भारतीय वेळेनुसार पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच या त्या वेळा आहेत. उड्डाणाचा आराखडा तयार करताना या निरीक्षणांवर आधारलेले अंदाज वापरतात.

सजग_प्रवासी

वरची सर्व माहिती उपयुक्त आहे, पण एका बाजूकडे दुर्लक्ष होत आहे, असे मला वाटते. कंपन्या वेळ मुद्दाम फुगवून छापतात. मी एकदा पुण्याहून निघालो तेव्हा विमान पंचवीस मिनिटे उशिरा हलले आणि तरीही दिल्लीला वेळेआधी पोचले. मग एवढी वेळ छापण्याचे कारण काय? ठरलेल्या वेळेपासून पंधरा मिनिटांच्या आत पोचलेले विमान वेळेवर धरले जाते. वेळ फुगवली की आकडेवारी आपोआप सुंदर दिसते, आणि प्रवाशाला मात्र प्रवास किती वेळाचा आहे, हे कधीच खरे कळत नाही.

मनोरा

सजग_प्रवासी यांचा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण त्यात तथ्य आहे. वेळेत थोडी सोय ठेवलेली असते हे मी वर लिहिलेच आहे, आणि ती आकडेवारीसाठीही उपयोगी पडते. परंतु छापलेली वेळ ही एकाच दिवसाची नसते. ती पूर्ण हंगामासाठी असते. विमान रिकाम्या आकाशात, सरळ आलेल्या परवानगीने, जवळच्या धावपट्टीवर उतरते तेव्हा ती वेळ फुगवलेली वाटते. तेच विमान जानेवारीत सकाळी दिल्लीवर धुक्यामुळे रांगेत थांबते तेव्हा तीच वेळ अपुरी पडते. दिल्लीत ५० मीटर दृश्यमानतेपर्यंत उतरण्याची यंत्रणा आहे, मात्र अशा वेळी दोन विमानांमधले अंतर वाढवावे लागते आणि तासाभरात उतरणाऱ्या विमानांची संख्या घटते.

जमिनीवरचा वेळही कमी लेखू नये. दिल्लीत जुलै २०२३ मध्ये चौथी धावपट्टी आणि टर्मिनलकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वरून नेलेला दुहेरी उन्नत टॅक्सीमार्ग सुरू झाला. हा मार्ग केवळ २.१ किलोमीटरचा आहे, पण त्यामुळे उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या धावपट्ट्यांमध्ये ये-जा करणाऱ्या विमानांचे अंतर सुमारे सात किलोमीटरने कमी झाले. जमिनीवर सात किलोमीटर म्हणजे विमानासाठी कितीतरी मिनिटे आहेत, आणि ती कोणत्याही हवाई अंतराच्या कोष्टकात दिसत नाहीत.

माझे मत असे आहे की कंपन्यांनी ब्लॉक टाइमबरोबर हवेतला अपेक्षित वेळही छापावा. उड्डाणानंतर वैमानिक तो सांगतातच, मग तिकिटावर द्यायला अडचण नसावी.

नियमावली

ब्लॉक टाइमचा संबंध प्रवाशाच्या हक्कांशीही आहे आणि ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते, म्हणून लिहिते.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत, उशीर झाल्यास खाणे-पिणे केव्हापासून द्यायचे, हे ब्लॉक टाइमवर ठरते. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तास उशीर, अडीच ते पाच तासांच्या प्रवासाला तीन तास आणि त्यापुढच्या प्रवासाला चार तास, अशी ती मर्यादा आहे. वेळेत न कळवता विमान रद्द केले तर परतावा किंवा पर्यायी विमान तर द्यायचेच, शिवाय भरपाईही द्यायची असते. एक तासापर्यंतच्या ब्लॉक टाइमसाठी ५,००० रुपये, एक ते दोन तासांसाठी ७,५०० रुपये आणि दोन तासांपुढे १०,००० रुपये, किंवा मूळ भाडे अधिक इंधन शुल्क, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. हवामान किंवा हवाई नियंत्रण यांसारख्या कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना ही भरपाई लागू होत नाही.

पुणे–दिल्लीचा ब्लॉक टाइम दोन तासांच्या वर असल्याने तो भरपाईच्या सर्वांत वरच्या टप्प्यात बसतो. सजग_प्रवासी यांना खटकलेली जास्तीची मिनिटे या एका ठिकाणी प्रवाशाच्या बाजूने उभी राहतात, हेही लक्षात घ्यावे. युरोपीय संघाच्या नियमांत याउलट भरपाई अंतरावर ठरते आणि तिथे १५०० व ३५०० किलोमीटर हे टप्पे आहेत. आपल्याकडे वेळ हा आधार घेतला आहे, आणि मला तो अधिक योग्य वाटतो, कारण प्रवाशाचे नुकसान वेळेतच होते.

दूरदेशी

अंतर जास्त असूनही वेळ कमी लागल्याचे एक ठळक उदाहरण इथे नोंदवावेसे वाटते. एअर इंडियाचे दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान पूर्वी अटलांटिकवरून जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पूर्वेकडून, प्रशांत महासागरावरून नेण्यात आले. अंतर सुमारे १४०० किलोमीटरने वाढून १५,३०० किलोमीटर झाले, पण पाठीशी वारा मिळाल्याने प्रवास साडेचौदा तासांत झाला आणि आधीच्या मार्गापेक्षा जवळपास दोन तास वाचले. वाऱ्याची_दिशा यांनी मांडलेला हिशेब लांब पल्ल्यावर किती मोठा होतो, हे यातून दिसते.

दुबईला जाणाऱ्यांसाठी एक सूचना. पुण्याहून दुबई साधारण २०५० किलोमीटर आहे आणि तिथले घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. तिकिटावर निघण्याची आणि पोचण्याची वेळ त्या त्या ठिकाणची असते. नुसती वजाबाकी केली तर जाताना प्रवास दीड तासाने लहान आणि येताना दीड तासाने मोठा दिसतो. घरी घ्यायला येणाऱ्यांनी ही वजाबाकी करू नये, पोचण्याची छापलेली वेळ पुण्याच्या घड्याळाप्रमाणेच धरावी.

विमाननगरवासी

भावाला आता असे कळवले आहे की तिकिटावरची पोचण्याची वेळ म्हणजे विमान जागेवर उभे राहण्याची वेळ आहे, त्यानंतर दार उघडणे, व्हीलचेअर मिळणे आणि सामान येणे यांसाठी अर्धा-पाऊण तास धरावा, आणि विमान पुण्याहून प्रत्यक्ष उडाले की त्या क्षणापासून पावणेदोन तास मोजावेत. डावीकडची खिडकीही मिळाली आहे.

शेवटचा एक प्रश्न. आईला पुढे नागपूरलाही जायचे आहे. पुणे–नागपूर अंतर सुमारे ६०५ किलोमीटर, म्हणजे दिल्लीच्या निम्म्याहून किंचित जास्त आहे. मग वेळही निम्मी का नाही?

मनोरा

कारण निम्मे होते ते फक्त अंतर. चढणे, उतरणे आणि जमिनीवरचा वेळ तेवढाच राहतो. ६०५ किलोमीटरमधले सुमारे २२० चढताना आणि २२० उतरताना जातात, त्यामुळे वर सरळ जाण्यासाठी जेमतेम १६५ किलोमीटर, म्हणजे बारा मिनिटे उरतात. हवेत एक तास किंवा त्याहून थोडे अधिक आणि जमिनीवरची पंधरा-वीस मिनिटे मिळून सव्वा तास ते एक तास वीस मिनिटे होतात.

याच मार्गावर पंख्याचे एटीआर विमान असेल तर त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास असतो. जेटच्या तुलनेत तो फार कमी वाटतो, पण जेटला आपला पूर्ण वेग वापरायला इथे बारा मिनिटेच मिळत असल्याने दोघांच्या एकूण वेळेत वीस मिनिटांच्या आसपासच फरक पडतो. तेव्हा नागपूरसाठी विमान निवडताना ते कोणत्या जातीचे आहे यापेक्षा ते किती वाजता निघते, हे पाहावे. आईंच्या दृष्टीने सकाळी उशिराचे विमान सोयीचे होईल. त्या वेळी नगर रस्त्यावरची कार्यालयीन गर्दी ओसरलेली असते आणि एटीआर असेल तर त्याच्या पायऱ्या कमी असतात, त्याही त्यांना सोप्या जातील.